हीटर नसलेली गाडी

सकाळी सव्वासहाला डॅरेलने बायकोला फ्रिजवर आपटलं. अंडी जास्त शिजली होती म्हणे. फ्रिजवरची सगळी चुंबकं खडाखड खाली पडली, शॉना बरगडी धरून तिथेच फरशीवर बसली, आणि चार वर्षांची ब्रिन वाटीतलं दूध-सिरियल घेऊन टेबलाखाली शिरली. डॅरेलची आई आर्लिस टेबलाशी कॉफी ढवळत होती. अडुसष्ट वर्षांची बाई, घरातली वडीलधारी. तिने काय केलं? उठली आणि चुंबकं गोळा केली.

"थंडी वाढली की याचं डोकं फिरतं," ती शॉनाला म्हणाली. "बापाच्या वळणावर गेलाय."

धादांत खोटं! तिचा नवरा ओर्व्हिल सहा वर्षांपूर्वी गेला, पण उभ्या आयुष्यात त्याने मांजरावरसुद्धा हात उगारला नव्हता. आर्लिसला हे ठाऊक होतं. पण पोटच्या पोराचं पोटात घालायची इतकी सवय झाली होती की तोंडातून आपोआप बापाचं नाव यायचं. बिचारा मेलेला माणूस थोडाच उलटून बोलणार?

डॅरेल तेलविहिरींवर पाण्याचा टँकर चालवायचा. बूट चढवून तो दारात थांबला. "मॉम, हिला सांग, संध्याकाळी माणसासारखं जेवण पाहिजे. अंडी उकडायची अक्कल नाही आणि चालली मोठी जग फिरायला." एवढं बोलून तो पिकअप घेऊन गेला. बाहेर पारा शून्याखाली एकतीस होता. नॉर्थ डकोटाच्या त्या कोपऱ्यात जानेवारीत असतोच. सगळ्यांत जवळचं घर नऊ मैलांवर, दवाखाना ऐंशी मैलांवर.

घरात दुसरी गाडी होती, नाही असं नाही. आठ माणसं बसतील अशी भली मोठी, शॉनाच्या नावावरची, चार वर्षांपूर्वी घेतलेली. पण ऑक्टोबरपासून तिचा हीटर गार वारा फेकत होता. डॅरेलने बॉनेट उघडून पाहिलं, मान हलवली आणि सांगितलं, हीटरची आतली जाळी कुजलीय, अख्खा डॅशबोर्ड काढावा लागेल, वसंतात बघू. त्यानंतर नोव्हेंबरात एकदा त्याने शॉनाचा ओठ फाडला, तेव्हा ती ब्रिनला चार रजयांत गुंडाळून त्याच गाडीतून निघाली होती. बारा मैल गेली. मग दोघींच्या श्वासाने काच आतून गोठली. खरवडून खरवडून नखं तुटली तरी समोरचं दिसेना, पोरीची बोटं पांढरीफटक पडली, आणि शॉना मुकाट्याने परत फिरली. डॅरेल स्वयंपाकघरात सँडविच खात बसला होता. "झाली सहल?" एवढंच त्याने विचारलं. त्या रात्री त्याने हातही लावला नाही. गरजच नव्हती.

फोन त्याच्या एकट्याकडे. शॉनाचा त्याने नाताळात हातोड्याने फोडला होता. शेरिफचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, माणूस एकदा येऊन गेला होता, पण तो डॅरेलबरोबर शाळेत हॉकी खेळलेला. दोघांनी कॉफी ढोसली, जुने गोल आठवले, झालं.

आता खरं सांगायचं तर आर्लिसच्या मनात त्या सकाळी बंडबिंड काही नव्हतं. ब्रिनचा कान आठवडाभर ठणकत होता, उशीवर पिवळं पाणी येत होतं, आणि डॅरेल म्हणे, कान दुखून कोणी मेलेलं नाही. आर्लिसला पोरीला दवाखान्यात न्यायचं होतं, बस्स. चाळीस वर्षं ती ओर्व्हिलबरोबर यंत्रांत हात घालून काम करत आलेली. गाडी कितीही पळवली तरी इंजिनच्या तापमानाची सुई वर सरकत नाही, हे तिने मागेच पाहिलं होतं. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला, जसा तिकडे हिवाळ्यात सगळेच लावतात, तरी कोमटच वारा. मग हीटर कशाला कुजायला हवा? थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी अडवणारी झडप, उघडा अडकला असणार. तो बंद राहतो तोवर इंजिनातलं पाणी आतल्या आत फिरून तापतं. तो उघडाच राहिला तर पाणी सतत रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं. दोन तासांचं काम. टपाल घेऊन येणाऱ्या बेव्हर्लीला तिने सांगून ठेवलं होतं, त्या बाईने गावातून नवा थर्मोस्टॅट आणून पत्रांबरोबर पेटीत टाकला. लांबच्या शेतांवर अशी कामं टपालवालेच करतात.

एकच गोष्ट आर्लिसला खुपत होती. एवढा हुशार पोरगा, दहाव्या वर्षी ट्रॅक्टरचं इंजिन उघडणारा, त्याला एवढं साधं कळलं कसं नाही?

गाडी शेतावरच्या मोठ्या शेडमध्ये उभी होती, इंजिन गोठू नये म्हणून विजेची वायर लावून. आर्लिसने शेड तापवायला डिझेलची भट्टी पेटवली. ती विमानासारखी घरघरायला लागली, की शेजारी उभं राहून ओरडावं लागतं. मग तिने गाडीखाली परात सरकवली आणि रेडिएटरची खालची तोटी सोडली. रसायन मिसळलेलं नारिंगी पाणी भळाभळा आलं.

शॉना एका हाताने दिवा धरून उभी होती, दुसरा हात बरगडीवर. "आर्लिस, तुम्हाला खरंच येतं हे?"

"लग्नात मला दोन वस्तू मिळाल्या. अंगठी आणि पान्यांचा संच. अंगठी गव्हात हरवली."

शॉनाला हसू आलं आणि लगेच कळ आली. "हसवू नका हो. दुखतं."

"मग रडत दिवा धर. पण सरळ धर."

थर्मोस्टॅटचं घर पुढेच, पाण्याच्या पंपाला लागून असतं. जाड रबरी नळी तिथे येते. आर्लिसने पकडीने चिमटा सरकवला, नळी पिळून काढली, उरलेलं पाणी बाहीतून कोपरापर्यंत गेलं. "आई ग, काय गार!" आता फक्त दोन बोल्ट राहिले. तिने चिंधीने ते पुसले आणि तिचा हात तिथेच थांबला.

दोन्ही बोल्टांवर पिवळ्या रंगाची एकेक बारीक रेघ होती. बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत ओढलेली, सरळ, स्वच्छ.

ही ओर्व्हिलची पद्धत. बोल्ट आवळला की त्यावर पिवळी रेघ मारायची, म्हणजे हा आवळून झालाय हे कळतं आणि सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. अख्ख्या तालुक्यात दुसरं कोणी असं करत नव्हतं, लोक चेष्टा करायचे. ओर्व्हिलने ते एकाच माणसाला शिकवलं होतं, आणि रेघ मारायला विसरला म्हणून त्या पोराकडून तेच काम पुन्हा करून घेतलं होतं. इतकं अंगात मुरवलं होतं. गाडी आली तेव्हा ओर्व्हिलला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"काय झालं?" शॉनाने विचारलं.

 आर्लिसने दोन्ही बोल्ट काढले, झाकण ओढलं, आत बोट घातलं. गोल भोक. रिकामं. थर्मोस्टॅट अडकलेला नव्हता, थर्मोस्टॅट नव्हताच. नवी कोरी रबराची रिंग मात्र व्यवस्थित बसवली होती, पाणी गळू नये म्हणून.

तिने बंपर धरला. आणखी काय पुरावा हवा! नोव्हेंबरात पोरीची बोटं पांढरी पडली, तेव्हा हा सँडविच खात होता. आणि ती स्वतः काय म्हणाली होती? शॉनालाच म्हणाली होती, एवढ्या थंडीत लेकराला घेऊन निघतं का कोणी, जरा डोकं वापरावं.

"डॅरेलने काढून टाकलाय," ती म्हणाली. "मुद्दाम. तू जाऊ नयेस म्हणून. आणि मी इथे बसून त्याची वकिली करत होते."

शॉनाने दिवा त्या भोकावर धरला. मग म्हणाली, "मला वाटायचं मलाच वेड लागलंय. गाडी आहे, चावी आहे, तरी मला जाता येत नाही."

"शॉना, मला माफ..."

"ते नंतर. आधी बोल्ट लावा."

हे मात्र बरोबर बोलली. आर्लिसने नवा थर्मोस्टॅट घेतला, स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे करून बसवला, रिंग चढवली, बोल्ट आवळले, नळी दाबून चिमटा सरकवला.  परातीतलं पाणी गाळून परत भरलं. मागच्या धुराड्याला ओर्व्हिलने केलेली नळी लावली, ती भिंतीतल्या भोकातून धूर बाहेर सोडायची. मग शॉनाला म्हणाली, "पोरीला आण. बर्फातले कपडे घाल. कागदपत्रं, औषध, एवढंच. बिस्मार्कला तुझ्या बहिणीकडे. इकडे परत यायचं नाही."

"आत्ता निघू?"

"आत्ता नाही. रेडिएटरचं तोंड उघडं ठेवून वीस-पंचवीस मिनिटं इंजिन चालवायचं. आत हवा अडकलीय, ती बुडबुड्यांनी बाहेर यायला हवी. नाही तर चाळीस मैलांवर गाडी उकळेल, हीटर परत गार पडेल आणि तुम्ही दोघी रस्त्यात गोठाल. तेवढी कळ सोस."

इंजिन सुरू झालं. ब्रिन मागच्या खुर्चीत पट्ट्यात बसली, शॉना पुढे, हीटर पूर्ण वर. आर्लिस रेडिएटरच्या तोंडात फनेल धरून उभी. बुडबुडा आला की पाणी खाली जायचं, ती वरून ओतायची. दहा मिनिटं झाली. सुई पहिल्यांदाच हलली. बारा मिनिटं. भट्टीच्या घरघरीत बाहेर पिकअप आल्याचं कोणालाच ऐकू आलं नाही. थंडी उणे पस्तिसावर गेली म्हणून विहिरींवरचं काम बंद केलं होतं, हे त्यांना कळणार कसं?

बाजूचं लहान दार उघडून डॅरेल आत आला. हातमोजे काढत, सावकाश.

"वा! बायकांचं गॅरेज उघडलं की काय?" त्याने बाकावरचं थर्मोस्टॅटचं रिकामं खोकं उचललं, वाचलं, ठेवलं. "मॉम, या वयात? कंबर धरेल तुझी."

"तूच काढलास."

"हो," तो म्हणाला. जराही लाजला नाही. "मग काय करायचं? पोरगी माझी. ही घेऊन पळणार, मी बघत बसू? आणि मी काय हिचे पाय बांधले? गाडी होती, चावी होती, दार उघडं होतं. जा की म्हणावं, कोण अडवतंय?"

"लेकराची बोटं झडली असती रे!"

"झडली नाहीत ना? मग? चल, हात काढ तिथून."

"नाही काढत."

"मॉम, शेवटचं सांगतोय."

"तू मला नको सांगूस. मी तुला..."

त्याने दोन्ही हातांनी बॉनेट धरलं आणि सगळं अंग टाकून खाली आपटलं.

आर्लिसचा उजवा हात रेडिएटरच्या पट्टीवर होता. बोटं मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. ती किंचाळली, तिचं तिलाच ऐकू आलं नाही. डॅरेलने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याने गाडीचं दार उघडलं, शॉनाला केसांना धरून बाहेर खेचलं आणि दाराच्या कडेवर तिचं तोंड आपटलं. एकदा, दोनदा. "कुठे निघालीस? अं? कुठे निघालीस?" दर प्रश्नाला एक. मागे ब्रिन पट्ट्यात अडकून लाथा झाडत होती. शॉना खाली पडली, तेव्हा त्याने त्याच बरगडीवर बुटाची लाथ घातली. सकाळच्याच.

आर्लिसने खांद्याने बॉनेट उचललं आणि हात सोडवून घेतला. चार बोटं भलतीकडे वळली होती. बंपरवर ओर्व्हिलची तीन फुटी लोखंडी दांडी पडली होती, अडलेले बोल्ट सोडवायची. तिने ती डाव्या हाताने उचलली. ती काही विचार करत नव्हती. तिला एवढंच दिसत होतं की तो लाथेसाठी पुन्हा पाय मागे नेतोय. तिने ज्या पायावर तो उभा होता त्या गुडघ्यावर बाजूने दांडी हाणली.

ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. डॅरेल कोसळला आणि कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडला. शॉना रांगत गाडीच्या दाराकडे निघाली, त्याने तिचा घोटा धरला. आर्लिसने त्याच्या खांद्यावर दांडीचा दुसरा घाव घातला. घोटा सुटला.

"बस गाडीत!" आर्लिस ओरडली. "दार लाव!"

ती परत इंजिनापाशी आली. हो, आलीच! हात लोंबतोय, मुलगा खाली गडबडा लोळतोय, आणि ही बाई फनेलात बघतेय. पण बघणं भाग होतं. बुडबुडे थांबले होते. वरची नळी हाताला चटका बसेल इतकी तापली होती, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला होता, अगदी वेळेवर. तिने फनेल फेकलं, झाकण मनगटाने दाबून डाव्या हाताने फिरवलं, बॉनेट लावलं.

शॉनाने काच खाली केली. तिचं नाक एका बाजूला गेलं होतं, हनुवटीवरून रक्त ठिबकत होतं, आणि ती हसत की रडत होती देव जाणे. "गरम येतंय! आर्लिस, गरम येतंय हो!"

"सुईवर लक्ष ठेव. मधोमध राहिली पाहिजे. वर चढली तर थांब, नाही तर थांबू नकोस."

"तुम्ही बसा ना. चला. तुमचा हात..."

"मी आले तर याच्याकडे कोण बघणार?"

"याच्याकडे? अजून याच्याकडे?"

"तू नीघ ग बाई!"

ब्रिन मागून आजीला हाक मारत ओरडली, "ग्रॅमा! ग्रॅमा पण!" आर्लिसला त्या काचेकडे बघवेना. तिने धुराड्याची नळी ओढून काढली आणि मोठ्या दाराची साखळी एका हाताने ओढायला लागली. दार वर गेलं, पांढरी थंडी आत घुसली, गाडी मागे सरकली, वळली आणि अंगणातून रस्त्याला लागली. आर्लिस बघत राहिली. मागची काच स्वच्छ होती. तिच्यावर दव नव्हतं की बर्फ नव्हतं. मग तिने दार खाली घेतलं.

डॅरेल भिंतीला टेकून बसला होता. घामाने निथळत होता, पण ओरडणं थांबलं होतं. "मॉम, बर्फ आण. आणि ती चादर दे."

तिने चादर आणली, त्याच्या पायावर घातली. त्याच्याशेजारी फरशीवर बसली. कितीही झालं तरी तिचाच तो.

"मोडलास ना गुडघा?" तो म्हणाला. "सख्ख्या आईने. सांगू कोणाला मी हे?" आणि तो चक्क हसला. "ठीक आहे. गुडघा काय, तीन महिने. फार तर चार. मला घाई नाही. ऑक्टोबरपासून थांबलोच होतो की. बिस्मार्कची बहीण ना? घर माहीत आहे मला. मागच्या अंगणाला कुंपणसुद्धा नाही."

"नको रे असं बोलू."

"बोलत नाहीये, सांगतोय. या वेळी गाडीचं काही काढणार नाही. या वेळी तिलाच..." आणि त्याने उजव्या हाताने मूठ वळून दाखवली.

"खरंच जाशील?"

"मॉम," तो शांतपणे म्हणाला, "मी कधी काम अर्धवट सोडलंय?"

नव्हतं सोडलं. ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक? आर्लिसने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा पूर्ण विश्वास बसला. आयुष्यभर त्याच्या प्रत्येक खोट्यावर विश्वास ठेवला होता, आज पहिल्यांदा खऱ्यावर ठेवला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने त्याचा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला. त्याला वाटलं, आई विरघळली. त्याने मूठ सोडली.

तिने तो तळहात सिमेंटवर पालथा ठेवला, मनगटावर गुडघा टेकला आणि दांडी उचलली.

"मॉम? मॉम, काय करतेस? मॉम!"

तिने पाच घाव घातले. डाव्या हाताने, म्हणून दोन चुकले आणि फरशीवर ठिणग्या उडाल्या. मग ती पलीकडे गेली आणि डावा हात घेतला. तोवर तो "मम्मी" म्हणायला लागला होता, लहानपणी म्हणायचा तसं. तिने ऐकलं. सगळं ऐकलं. तरी थांबली नाही, आणि काम झाल्यावरच दांडी खाली ठेवली.

त्याच्या जाकिटाच्या खिशातून तिने फोन काढला आणि आणीबाणीचा नंबर लावला. पलीकडे तरुण बाईचा आवाज होता. आर्लिसने नाव सांगितलं, शेत सांगितलं, कोणत्या वळणावर वळायचं ते सांगितलं.

"कोण जखमी आहे?"

"माझा मुलगा. गुडघा, आणि दोन्ही हात. माझीही चार बोटं मोडलीत, पण आधी त्याचं बघा."

"कोणी मारलं, मॅम?"

"हात मी मोडले. गुडघाही मीच. पण गुडघा तो बायकोला लाथा घालत होता तेव्हा मोडलाय. हात ती गेल्यावर. दोन्ही वेगवेगळं लिहून घे."

बाईने लिहून घेतलं. "तो मारणारा अजून... म्हणजे, तुमचा मुलगा आता कोणाला इजा करू शकेल का?"

आर्लिसने त्या हातांकडे पाहिलं. तिने त्यांना चमचा धरायला शिकवला होता, पाना धरायलाही.

"नाही," ती म्हणाली. "आता त्याला भरवावं लागेल. तुम्ही सावकाश या. रस्त्यावर बर्फ आहे, आणि वाटेत एक मोठी गाडी दिसेल. आत बाई आणि लहान मुलगी आहे. तिला थांबवू नका."